डबीतला खडा

"लघवी गाळून बघत जा, खडा पडला की दिसेल," असं डॉक्टर म्हणाले आणि माझा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

असलं उघडंनागडं लिहावं का, असं मला दोन दिवस वाटत होतं. पण ज्या बाईला हे दुखणं होतं, तिला नेमक्या याच गोष्टी विचारायच्या असतात आणि नेमक्या याच कुणी सांगत नाही. मला कुणी सांगितल्या नाहीत. म्हणून मी लिहिते. ज्याला लाज वाटेल त्यानं पान उलटावं.

माझं नाव शालन. वय एकोणपन्नास, शिक्षण दहावी पास. सारोळ्याजवळ हायवेच्या सर्व्हिस रोडला माझी चहा-नाश्त्याची टपरी आहे. हे सगळं माझ्या डाव्या किडनीचं आहे. ती राहिली की गेली हे मी शेवटी सांगणार आहे, आणि कुणी मधली पानं सोडून आधी शेवट बघू नये.

आमचं पाणी

माझं माहेर हिर्डोशीचं. तिथं झऱ्याचं पाणी, गोड. लग्न होऊन इथं आले आणि पहिल्याच दिवशी चुलीवर तूरडाळ टाकली. दुपार झाली तरी डाळ आपली वेगळी आणि पाणी वेगळं. मी घाबरले, नव्या सुनेला डाळ शिजवता येईना म्हणजे काय. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "चिमूटभर सोडा घाल गं. हितलं पानी जड हाय. सोड्याबिगर काय शिजत न्हाई."

बोअरचं पाणी टाकीत चढतं आणि तेच नळाला येतं. दिसायला काचेसारखं स्वच्छ. पण साबणाला फेस येत नाही, केस केरसुणीसारखे होतात, चहावर तवंग येतो, आणि नळाखालच्या प्रत्येक वस्तूवर पांढरा थर चढतो. बाथरूममधला मग मुळात निळा होता हे घरात फक्त मला माहीत होतं. बादलीच्या काठाला नखानं खरवडलं की खपली निघते, हळकुंडाच्या सालीएवढी. दिवाळीला लिंबू आणि मीठ लावून घासायचं, संक्रांतीपर्यंत परत तेच. गिझर दुरुस्त करणारा म्हणायचा, "काकी, तुमच्या गावामुळं माझी पोरं शिकली."

टपरीवर गिऱ्हाइकाला मी जारचं पाणी देते, नाहीतर चहा तोंडात धरवत नाही. स्वतः मात्र नळाचंच प्यायचे, आणि तेही नावाला. खरं सांगते, मला ते पाणी कधी आवडलंच नाही. तहान लागली की चहा घ्यायचा. शिवाय टपरीजवळ बायकांना जायची सोय नाही. पलीकडच्या हॉटेलात जायचं तर हायवे ओलांडायचा. सकाळी घरून जाऊन यायचं ते संध्याकाळी घरी आल्यावरच परत. त्यापेक्षा पाणीच कमी प्यायचं. रस्त्याकडेच्या आम्ही सगळ्या बायका असंच करतो, आणि त्यात काही चुकतंय असं एकीलाही वाटत नाही.

भज्यांच्या कढईपुढं

पहिल्यांदा दुखलं तेव्हा मी कांदाभजी तळत होते. पाठीत डाव्या बाजूला उसण भरली असं वाटलं. मग ती कळ पुढं पोटात आली, तिथून खाली जांघेत. दोन बाळंतपणं झाली आहेत माझी, एक जगलं, एक नाही. दोन्ही वेळेला एवढं दुखलं नव्हतं. मी टपरीमागं क्रेटवर बसले आणि उलटी झाली. एक ट्रकवाले मामा चहाला थांबले होते, ते म्हणाले, "मावशी, गॅस बंद करू का?" मी मान हलवली.

शेजारी पंक्चरचं दुकान आहे, तिथल्या कुसुमवहिनींनी मला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. इंजेक्शन झालं, सोनोग्राफी झाली. डावीकडं किडनीतून खाली येणाऱ्या नळीत खडा अडकला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"लहान आहे, पडायला हवा," डॉक्टर म्हणाले. "पाणी भरपूर प्या. लघवी गाळून बघत जा. खडा मिळाला तर इथं घेऊन या, तपासू. आणि मिळो न मिळो, पंधरा दिवसांनी परत सोनोग्राफीला यायचं म्हणजे यायचं."

मी "व्हय, व्हय" म्हणाले. डॉक्टरपुढं आपण सगळेच म्हणतो.

आमचे हे शिरवळला एका कंपनीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. सकाळी मी टपरीवर जाते तेव्हा ते येतात, संध्याकाळी मी येते तेव्हा ते निघतात. इतकी वर्षं आम्ही दारात एकमेकांना किल्ली देतो आणि भाजी कशात आहे ते सांगतो, एवढाच संसार. त्या संध्याकाळी ते बुटाची नाडी बांधत होते, तेव्हा मी सांगितलं.

ते म्हणाले, "समदा गाव हेच पानी पितो. तुलाच बरा खडा झाला."

भांडण म्हणून नाही म्हणाले. नवल वाटलं म्हणून म्हणाले. पण ते गेल्यावर मी उंबऱ्यात बसून राहिले. दुखणं एवढं मोठं, आणि त्याच्यावर घरातलं बोलणं एवढंच.

माझी मुलगी पूनम, वेल्ह्याला दिलेली. तिला पाचवा महिना लागला होता. रोज संध्याकाळी फोन यायचा. "काय केलंस गं दिवसभर?" त्या दिवशी मी म्हणाले, "काय न्हाई. भजी लई खपली." पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तिला सातव्या महिन्यात आणायची होती. आईच आजारी म्हणल्यावर कोण पाठवेल पोरीला? हे कारण होतंच. पण दुसरंही होतं, ते लिहिते. ते रिकामं घर भरेल म्हणून मी दिवस मोजत होते. ते कशानं मोडेल याची मला भीती वाटत होती.

गाळणी

चहाच्या गाळणीत मिसळू नये म्हणून नवी प्लॅस्टिकची गाळणी आणली, तिला लाल दोरा बांधला आणि बाथरूममध्ये खिळ्याला अडकवली. दर वेळी मगात लघवी करायची, ती गाळणीतून ओतायची, वरून पाणी ओतायचं आणि उजेडाला धरून बघायचं. कुळथाचं कढण प्यायले. कुळीथही आमच्या पाण्यात शिजता शिजेना.

नवव्या दिवशी गाळणीत खडा दिसला.

पांढरा, ज्वारीपेक्षा जरा चपटा, एका बाजूला धार. मी बाथरूममध्येच भिंतीला टेकून देवाचं नाव घेतलं. दुखणं दोन दिवस आधीच थांबलं होतं, त्यामुळं शंकेला जागाच नव्हती. मी तो धुतला, पुसला आणि कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवला.

कुसुमवहिनी म्हणाल्या, "बघा, सुंठीवाचून खोकला गेला. आता मात्र कानाला खडा लावा, आन पानी पीत जावा." आम्ही दोघी खूप हसलो. मी तो खडा सगळ्यांना दाखवला. रोजच्या दोन-तीन गिऱ्हाइकांनाही दाखवला, ते चहा पीत असताना. आता आठवलं की अंगावर काटा येतो. ह्यांनी ट्यूबलाइटखाली धरून बघितला आणि म्हणाले, "एवढुसा? आन एवढा तमाशा केला व्हय ह्यानं?" त्यातही मला कौतुक ऐकू आलं.

डॉक्टरांकडं मी तो नेला नाही. पंधरा दिवसांनी सोनोग्राफीलाही गेले नाही. खडा डबीत आहे, दुखत नाही, मग आत काय बघायचंय, असं मी मला समजावलं. खरं म्हणजे मला ते संपलेलं हवं होतं. आपल्याला एखादी गोष्ट संपलेली हवी असली की पुरावा कसलाही चालतो.

भरलेलं घर

पूनम सातव्यात आली. घरात कुणीतरी बोलणारं आलं. सकाळी तिच्यासाठी खसखशीची खीर, दुपारी टपरी लवकर बंद करायची, संध्याकाळी तिचे पाय चेपायचे. ती जारचंच पाणी प्यायची, मी तिला नळाला हातही लावू दिला नाही. बाळंतविडा शिवून ठेवला, डिंक आणला, मेथ्या आणल्या.

माझी डावी बाजू जड वाटायची. जिना चढला की दम लागायचा. मध्येच अंगात कणकण यायची, मी एक गोळी घ्यायचे आणि कामाला लागायचे. आमच्याकडं याला अंगावर काढणं म्हणतात, आणि ते करणाऱ्या बाईचं नाव होतं. माझंही होत होतं. दुखत मात्र नव्हतं. जे दुखत नाही ते दुखणं नव्हे, असा माझा हिशेब होता.

पूनमला नववा सरत आला त्या आठवड्यात मी तिच्या केसांना तेल लावत होते, आणि एकदम थंडी वाजून आली. दात वाजायला लागले, तेलाची वाटी हातातून सुटली. तिनं मागं वळून माझ्या कपाळाला हात लावला.

"आई, भाजतंय अंग तुझं."

"उन्हाचं असंल."

"गप बस. चल भोरला दवाखान्यात."

दिवस भरत आलेली पोर पुढं आणि मी शाल गुंडाळून मागं. रिक्षावाल्यानं विचारलं, "दाखल कुणाला करायचंय?"

दवाखान्यातली दुपार

सोनोग्राफी करणारे डॉक्टर आधी बोलत होते, कुठल्या गावच्या वगैरे. मग डाव्या बाजूला आले आणि गप्प झाले. हे गप्प होणं ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. पडद्यावर काय आहे ते आपल्याला दिसत असतं, पण वाचता येत नाही. आपण त्यांच्या तोंडाकडं बघत राहतो.

"मावशी, याआधी कधी खडा झाला होता?"

"झाला व्हता. पडला की," मी म्हणाले, आणि पिशवीतून डबी काढली. मी ती जवळच ठेवायचे. "ह्यो बघा."

त्यांनी लॅबमधल्या बाईंना बोलावलं. त्या बाईंनी खडा काचेच्या बशीत ठेवला, नखानं दाबला, तर त्याचा तुकडा पडला. मग बाटलीतून कसलासा थेंब त्यावर सोडला. बारीक बुडबुडे आले, सोड्यावर लिंबू पिळल्यासारखे.

"मावशी, तुमच्याकडं बोअरचं पाणी आहे का?"

"व्हय."

"हा खडा नाही. बादलीची नाहीतर मगाची खपली आहे. पाण्यातला क्षार."

मी हसले. खरंच हसले. चार महिने मी मगाची खपली कुंकवाच्या डबीत घालून मिरवत होते. पूनम भिंतीजवळच्या खुर्चीत बसली होती, ती हसली नाही.

डॉक्टरांनी मग नीट सांगितलं. खडा आहे तिथंच अडकून बसलाय. वाट बंद झाल्यामुळं लघवी मागं साचत गेली आणि किडनी फुगली, आता आत पू झालाय. मी विचारलं, "पन दुखायचं का थांबलं मग?" ते म्हणाले, "पहिल्यांदा अडतं तेव्हा किडनी जोर करते, म्हणून दुखतं. दमली की तीही गप्प बसते. दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडला, असं नसतं मावशी." ताबडतोब पुण्याला जायला सांगितलं. डावी किडनी वाचेल का, असं पूनमनं विचारलं. ते म्हणाले की आधी पू काढू, वाट मोकळी करू, मग तीन महिन्यांनी तपासणीत कळेल की तिच्यात जीव उरलाय का.

बाहेर आल्यावर पूनम म्हणाली, "खडा कवा झाला व्हता?"

"तुला पाचवा व्हता तवा."

"मी रोज फोन करत व्हते, आई."

तुझ्यासाठीच सांगितलं नाही, असं मी बोलायला गेले. तिनं हात वर केला. "माझ्यासाठी केलं म्हणू नको. ते वझं मला नको." इतकं सरळ ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

खाट नंबर अकरा

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात माझ्या पाठीतून किडनीत नळी घातली आणि बाहेर पिशवी लावली. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती होती, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. नळी गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बापरे, किती आहे." ते मला उद्देशून नव्हतं.

सकाळी सहाला ताप बघायचा, मग चहा, मग झाडणारी बाई, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागं दहा शिकाऊ. प्रत्येक जण माझ्याकडं न बघता आधी पिशवीकडं बघायचा. सिस्टर पिशवीतलं मापून कागदावर लिहायची. पहिले दिवस गढूळ आलं, मग लाल, मग पाण्यासारखं. पाण्यासारखं म्हणजे किडनीतून नीट गाळून येत नाहीये, असं शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी सांगितलं. त्यांना सगळं माहीत असायचं. मी रोज पिशवीचा रंग बघायचे, परीक्षेचा निकाल बघावा तसा.

पूनमच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई, मला पुण्याला हलवलं त्याच संध्याकाळी तिला वेल्ह्याला घेऊन गेल्या. मला फोन आला. "विहीणबाई, आमी तुमच्या भरवशावर पोर धाडली व्हती. सांगायचं तरी." मी चुकलेच म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्या वाईट नाहीत. उलट त्यांनी नंतर सगळं निगुतीनं केलं. पण त्या शब्दानं माझं जे झालं ते नळीनंही झालं नाही.

बारा दिवसांनी पूनमला मुलगी झाली. माझा फोन साधा, बटणांचा. जावयांनी फोटो ह्यांच्या मोबाईलवर पाठवला, आणि हे रविवारी येणार. मधले तीन दिवस मला नात झालीय हे माहीत होतं आणि तिचं तोंड माहीत नव्हतं. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. दर संध्याकाळी चार ते सहा भेटायची वेळ. शेजारच्या खाटांवर माणसं मावायची नाहीत, डबे उघडायचे, कालवणाचे वास सुटायचे. मी झोपेचं सोंग घ्यायचे. कुणी नाही आलं असं दिसण्यापेक्षा झोपलीय असं दिसलेलं बरं.

हे रविवारी आले. खाटेच्या पायथ्याशी बसले. मोबाईल पुढं धरला. बाळाचे डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या. मी बघत राहिले, तर स्क्रीन काळी झाली. त्यांनी परत लावून दिलं. असं पाच-सहा वेळा झालं. जाताना म्हणाले, "टपरी बंदच हाय. कुलूप बघून येतो रोज." मग पिशवीकडं बोट दाखवून, "लई दुखतं का?" इतक्या वर्षांत त्यांनी मला हे पहिल्यांदा विचारलं असेल. मी म्हणाले, न्हाई.

एक चांगली गोष्टही सांगते. तिथल्या आयाबाईंनी एक दिवस मला खुर्चीवर बसवून माझे केस धुतले. पुण्याचं पाणी हलकं. त्यांनी जरासा शाम्पू घेतला आणि एवढा फेस झाला की त्याच म्हणाल्या, "अगं बाई, दोन पोरींना पुरेल एवढा फेस झाला." लग्नाच्या आधी हिर्डोशीला होता तसा केसांचा स्पर्श मला परत लागला. केस वाळेपर्यंत मी त्यातून हात फिरवत बसले होते. त्या दिवशी कुणी भेटायला आलं नाही तरी मी झोपेचं सोंग घेतलं नाही.

पुढं दुर्बिणीतून खडा काढला. तो डॉक्टरांनी मला दाखवला, तपकिरी, काटेरी, भुईमुगाच्या शेंगेच्या टरफलासारखा खरबरीत. माझ्या पांढऱ्या खपलीशी त्याचा काहीएक संबंध नव्हता. मी विचारलं, हा आमच्या जड पाण्यानं झाला का? ते म्हणाले, "तसं छातीठोक सांगता येणार नाही. जड पाणी पिणाऱ्या सगळ्यांना खडे होत नाहीत. पण तुम्ही पाणीच प्यायला नाहीत, हे नक्की." म्हणजे ज्या पाण्याला मी सत्तावीस वर्षं नावं ठेवली, ते प्यायले असते तर कदाचित वाचले असते.

परत घरी

घरी आले. पूनमसाठी आणलेला डिंक तसाच डब्यात होता. मेथ्यांना कीड लागली होती. मी त्या बाहेर टाकल्या आणि मग पायरीवर बसून रडले, मेथ्यांसाठी म्हणून.

आता दिवसाला ठरलेल्या बाटल्या पाणी प्यायचं, गाळलेलं, आणि दर वेळी हायवे ओलांडायचा. मी ओलांडते. टपरीवर तेवढ्यापुरती पाटी लावते, "पाच मिनिटांत येते". गिऱ्हाईक थांबतं, जगबुडी होत नाही. हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी रस्त्याकडेच्या प्रत्येकीला सांगते. आणि दुसरं सांगते ते हे, की खडा मिळाला तर तो डबीत ठेवू नका, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, आणि मिळाला तरी परत सोनोग्राफी करा. गाळायचं भांडंही कोरं, नवं घ्या. कुसुमवहिनी म्हणतात, "तुमी आता कीर्तनच लावा." लावीन.

पूनमचे फोन येत होते, पण पाहुण्यासारखे. बाळ बरंय, मी बरीये, तू बरीयेस ना. ठेवते. मी दरवेळी म्हणायचे, मी बरीये. तीन महिने मी रोज संध्याकाळी डाव्या कुशीवर हात ठेवून बसायचे. आत काही हलतं का, काही कळतं का. काहीच कळायचं नाही. पोटातल्या पोराची हालचाल कळते, किडनीची कळत नाही. मी तिच्याशी बोलायचे सुद्धा. बाई, चुकलं माझं, पण तू ये. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतंच.

तपासणी

तपासणीला मी एकटीच गेले. हे येतो म्हणाले होते, पण रात्रपाळी करून आलेला माणूस, डोळे लाल. मीच नको म्हणाले. हातात सुई टोचून औषध सोडलं आणि मशीनखाली अर्धा तास झोपवलं. दुपारी डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला. दोन चित्रं होती. उजवीकडं भरलेली, रंगीत. डावीकडं काहीच नाही, नुसता अंधार आणि कडेला जरासा ठिपका.

"मावशी, डावी परत आली नाही."

त्यांनी समजावून सांगितलं. उजवी चांगली आहे. एका किडनीवर माणूस म्हातारा होतो. डावी राहू द्यायची, त्रास दिला तरच काढायची. पाणी, तपासणी, दुखण्याची कसलीही गोळी मनानं घ्यायची नाही. मी सगळ्याला मान हलवली. कागदांची घडी करून पिशवीत ठेवली आणि स्वारगेटला आले.

फलाटावर बाकड्यावर बसले आणि पूनमला फोन लावला. मागं बाळाचा आवाज येत होता.

"काय म्हणाले गं डॉक्टर?"

"चांगला आला रिपोर्ट," मी म्हणाले.

"खरं?"

"व्हय की. जाते, गाडी लागली."

गाडी लागली नव्हती. मी फोन मांडीवर ठेवला. तोंडाची सवय बघा, विचार करायच्या आत बोलून गेलं. माझी डावी किडनी खड्यानं गेली नव्हती, ह्याच बोलण्यानं गेली होती. काय न्हाई, भजी लई खपली. उजवीचंही मी हेच करणार होते. सारोळ्याची गाडी आली, माणसं चढली, भरली. मी उठले नाही. ती गेल्यावर परत फोन लावला.

"पूनम, मगाशी म्या खोटं बोलले."

लगेच पुढचंही सांगून टाकलं.

"डावी गेली. उजवी बरी हाय, त्यावर भागतं म्हणत्यात. पन डावी गेली. आन मी हितं एकटीच हाय, आन मला लई भ्या वाटतंय."

ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, हुंदके देऊन. अंगावर पाजणाऱ्या बाईनं रडू नये, दूध आटतं, असं आमच्याकडं म्हणतात. माझ्या ते अगदी ओठावर आलं होतं. रडू नको, मला काय धाड भरलीय, असं म्हणून मी तिला गप्प केलं असतं. पण माझ्यासाठी कुणीतरी रडतंय, हे मी फार वर्षांनी ऐकत होते. मी फोन कानाला दाबून धरला आणि तिला रडू दिलं.